स्पोर्ट्‌स मोटार : चालनातील साधेपणा व सुखसोयी

स्पोर्ट्‌स मोटार : माणसे व सामान वाहून नेण्याच्या सोयीपेक्षा मोटार चालविण्याच्या क्रियेलाच प्राधान्य देऊन बांधलेल्या, बहुधा दोन आसनी, बुटक्या व वेगवान मोटारगाडीला स्पोर्ट्‌स मोटार म्हणतात. जलद प्रवेग, वळणावरील स्थैर्य, प्रभावी ब्रेक आणि चालकाच्या हालचालीला तत्काळ मिळणारा प्रतिसाद हे तिचे प्रमुख गुण होत. वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, विजेवर हलणारी आसने, ध्वनिरोधक अस्तरे, माहितीदर्शक पडदे अशा सुखसोयी आणि चालकाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या इलेक्ट्रॉनीय प्रयुक्त्या यांना अशा मोटारीत कितपत स्थान असावे, हा तिच्या अभिकल्पातील जुना व महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रत्येक सोयीची किंमत पैशांखेरीज वस्तुमानात आणि चालक व रस्ता यांच्यात वाढणाऱ्या अंतरात मोजावी लागते. म्हणून हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नसून यामिकी, सुरक्षितता व चालकाचे कौशल्य या तिन्हींशी निगडित आहे.

दोन परंपरा : वेगवान मोटारींच्या इतिहासात प्रारंभापासून दोन परंपरा आढळतात. पहिली परंपरा हलक्या, उघड्या, दोन आसनी मोटारींची असून ती मुख्यत्वे ब्रिटनमध्ये वाढली. १९४५ मध्ये उत्पादनास सुरुवात झालेली एमजी टीसी ही तिचे परिचित उदाहरण होय. तिचे एंजिन १,२५० घ. सेंमी. एवढेच होते, छप्पर कापडी होते आणि समोरची काच दुमडून पुढे पाडता येत असे. दुसरी परंपरा ‘ग्रँड टूरिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींची असून दूरचे अंतर अतिवेगाने परंतु आरामात कापणे हा तिचा हेतू होता. प्रशस्त बैठक, बंदिस्त छप्पर, चामड्याची आसने व सामानासाठी जागा ही तिची लक्षणे असून इटलीत ती विशेष बहरली. १९७६ मध्ये फेरारी कंपनीने स्वयंचलित गिअर पेटी असलेली ‘४०० ऑटोमॅटिक’ ही आपली पहिली मोटार विक्रीस आणली, ती याच परंपरेतील होय. प्रस्तुत वाद मूलतः या दोन परंपरांतील आहे. एकाच मोटारीने दोन्ही अपेक्षा पुरवाव्यात अशी मागणी होऊ लागल्यावर तो तीव्र झाला.

हलकेपणाच्या तत्त्वाचा सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्ता म्हणून लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन (१९२८–८२) यांचा उल्लेख केला जातो. १९५७ मध्ये त्यांनी पुढे आणलेल्या ‘लोटस सेव्हन’ या मोटारीत नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, दोन आसने व चार चाके यांपलीकडे फारसे काहीच नव्हते. तिचे वजन सु. ५०० किग्रॅ. होते. सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही ती विकली जाई. असा संच घेतल्यास त्या वेळच्या ब्रिटनमधील खरेदीकर टाळता येत असे. १९७३ मध्ये या मोटारीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि तिच्यापासून विकसित झालेल्या मोटारी एकविसाव्या शतकातही तयार होत राहिल्या.

वस्तुमानाचा परिणाम : हलकेपणाचा आग्रह केवळ परंपरेवर आधारलेला नाही. एंजिनाचे बल तेवढेच असल्यास मोटारीचा प्रवेग तिच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अधिक शक्तिमान एंजिन बसवून ही उणीव भरून काढता येते. परंतु ब्रेक लावताना व वळताना एंजिनाची शक्ती उपयोगी पडत नाही. १,००० किग्रॅ. वस्तुमानाची मोटार ताशी १०० किमी. वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा सु. ३८६ किलोजूल असते, तर १,५०० किग्रॅ.च्या मोटारीची सु. ५७९ किलोजूल असते. थांबताना ही सर्व ऊर्जा मुख्यतः ब्रेकच्या तबकड्यांत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्याच वेगाने १०० मी. त्रिज्येचे वळण घेण्यासाठी पहिल्या मोटारीच्या टायरांना सु. ७,७०० न्यूटन, तर दुसरीच्या टायरांना सु. ११,६०० न्यूटन बल आतल्या दिशेने द्यावे लागते. टायरवरील भार वाढला म्हणजे त्याची पकडही वाढते, परंतु ती भाराच्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी टायर तेच असल्यास जड मोटारीची वळणावरील मर्यादा आधी गाठली जाते.

शिवाय वजन वजनाला जन्म देते. मोटार जड झाली की मोठे ब्रेक, रुंद टायर, भक्कम स्प्रिंगा, मोठे एंजिन व मोठी इंधनटाकी लागते आणि या प्रत्येकाने वजनात आणखी भर पडते. उलट दिशेनेही हेच घडते. १९९६ मधील ‘लोटस एलिस’ या मोटारीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या दाबून काढलेल्या पट्ट्या इपॉक्सी आसंजकाने चिकटवून बनविला होता व त्याचे वजन केवळ ६८ किग्रॅ. होते. संपूर्ण मोटार सु. ७२५ किग्रॅ. भरे. त्यामुळे १·८ लिटरचे, सु. ११८ अश्वशक्तीचे, सामान्य प्रवासी मोटारीतील एंजिन तिला पुरेसे ठरले आणि सुकाणूला शक्तिसाहाय्य देण्याची गरज भासली नाही.

चालकाला मिळणारे संकेत : साधेपणाच्या बाजूने मांडला जाणारा दुसरा मुद्दा संवेदनांचा आहे. मोटार वळताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग काहीसा पिरगळला जातो. त्यामुळे रस्त्याचे बाजूचे बल या भागाच्या मध्याच्या किंचित मागे लागू होते व ते चाकाला पुन्हा सरळ करू पाहते. हे परिबल सुकाणूच्या दांड्यातून चालकाच्या हातापर्यंत पोहोचते. टायरची पकड संपत आली म्हणजे पकड प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीच हे परिबल कमी होऊ लागते आणि सुकाणू हलके लागते. अनुभवी चालकाला ही आगाऊ सूचना असते. सुकाणूला शक्तिसाहाय्य दिले की श्रम वाचतात, परंतु या सूचनेची धार बोथट होऊ शकते. १९९० नंतर द्रवीय पंपाऐवजी विद्युत् चलित्राचे साहाय्य वापरात येऊ लागले. त्याने इंधन वाचते, पण चलित्राची निरूढी व संगणकाचे नियंत्रण ही दोन माध्यमे चाक व हात यांच्यामध्ये येतात. पोर्श कंपनीने २०११ मध्ये ‘९११’ या आपल्या प्रसिद्ध मोटारीत असे विद्युत् सुकाणू बसविले, तेव्हा वेग वाढला तरी रस्त्याचा स्पर्श हरवला, अशी टीका जाणकारांकडून झाली.

जपानी कंपनी माझ्दाने १९८९ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘एमएक्स-५’ या मोटारीचे सूत्र ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे स्वार व घोडा यांचे एकरूपत्व, या शब्दांत मांडले. ही मोटार फार शक्तिमान नव्हती, परंतु तिचे वजन एक टनापेक्षा कमी होते व तिचे वर्तन चालकाला सहज उमगे. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख प्रती तयार झाल्या. साधेपणाला मर्यादित का होईना पण टिकाऊ बाजारपेठ आहे, हे यावरून दिसून येते.

दोन उत्तरे : १९८० पर्यंत हलकेपणा, साधेपणा आणि वेग हे तीन गुण बहुधा एकत्रच नांदत. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीच्या प्रगतीमुळे ते एकमेकांपासून अलग झाले. १९८६ व १९८७ या लागोपाठच्या वर्षांत आलेल्या दोन मोटारींनी हा बदल स्पष्ट केला. पोर्शच्या ‘९५९’ मोटारीत दोन टर्बोचार्जर असलेले ४५० अश्वशक्तीचे एंजिन, चारही चाकांना संगणकाच्या हिशेबाने शक्ती वाटून देणारी योजना, उंची बदलणारे सस्पेन्शन, चाके अडकू न देणारे ब्रेक आणि टायरमधील हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा होती. वातानुकूलन व आरामशीर आसने असलेल्या या मोटारीचे वजन सु. १,४५० किग्रॅ. व कमाल वेग ताशी ३१५ किमी.पेक्षा अधिक होता.

फेरारीने आपल्या चाळिसाव्या वर्षानिमित्त १९८७ मध्ये काढलेली ‘एफ ४०’ ही मोटार याच्या नेमकी उलट होती. तिच्यात रेडिओ, गालिचा व दारांची अंतर्गत सजावट नव्हती. दार उघडण्यासाठी आतून एक दोर ओढावा लागे. सुकाणूला वा ब्रेकला कोणतेही शक्तिसाहाय्य नव्हते. ४७८ अश्वशक्तीचे एंजिन आणि द्रव पदार्थ वगळता सु. १,१०० किग्रॅ. वजन यांमुळे तिचा कमाल वेग ताशी ३२४ किमी. होता. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत बाहेर पडलेली ही शेवटची नवी मोटार होय. दोन्ही मोटारींचा वेग जवळजवळ सारखा असूनही पहिली मोटार सामान्य चालकालाही सांभाळून घेई, तर दुसरी चालकाकडून कौशल्य व सावधपणा यांची मागणी करी. वेग एकच असला, तरी तो कोणाच्या स्वाधीन असावा या प्रश्नाची ही दोन उत्तरे होती.

निवडीचे तत्त्व : मॅक्लारेन कंपनीसाठी गॉर्डन मरे यांनी अभिकल्पित केलेल्या व १९९२ मध्ये सादर झालेल्या ‘एफ १’ या मोटारीत तिसरा मार्ग दिसतो. कार्बन तंतूंच्या सांगाड्यामुळे तिचे वजन १,१३८ किग्रॅ. राहिले. तिचे बारा सिलिंडरांचे एंजिन बीएमडब्ल्यू कंपनीचे असून ते ६२७ अश्वशक्ती निर्माण करी. शक्तिसाहाय्यित सुकाणू, शक्तिसाहाय्यित ब्रेक, चाके अडकू न देणारी प्रणाली किंवा चाकांचे घसरणे रोखणारे कर्षण नियंत्रण यांपैकी काहीही तिच्यात नव्हते. मात्र वातानुकूलन, सामानाची जागा व मुद्दाम हलकी करून घेतलेली ध्वनियंत्रणा होती. चालविण्याच्या क्रियेत हस्तक्षेप करणारी प्रत्येक गोष्ट वगळावी आणि शरीराला आराम देणारी गोष्ट वजनाचा काटेकोर हिशेब करून ठेवावी, असे हे तत्त्व होते. १९९८ मध्ये, एंजिनाच्या फेऱ्यांवरील मर्यादा वाढवून, या मोटारीने ताशी ३८६ किमी. वेग गाठला.

‘सुखसोयी’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात, हे यावरून लक्षात येते. वातानुकूलन किंवा ध्वनियंत्रणा वजन वाढवते, पण चालकाचे काम बदलत नाही. शक्तिसाहाय्यित सुकाणू किंवा स्वयंचलित गिअर पेटी चालकाचे काम कमी करते. कर्षण नियंत्रण व स्थैर्य नियंत्रण या प्रणाली मात्र चालकाचा निर्णय दुरुस्त करतात. साधेपणाचा पुरस्कार करणाऱ्यांचा खरा आक्षेप बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराला असतो.

साहाय्यक प्रणाली व सुरक्षितता : बॉश या जर्मन कंपनीने विकसित केलेली, ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी इलेक्ट्रॉनीय प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या मोटारीत प्रथम देण्यात आली. चाक अडकले की ते घसरू लागते व मोटार सुकाणूला जुमानत नाही. ही प्रणाली ब्रेकमधील दाब सेकंदाला अनेक वेळा कमी-जास्त करून चाक फिरते ठेवते. १९९५ मध्ये त्याच दोन कंपन्यांनी इलेक्ट्रॉनीय स्थैर्य नियंत्रण आणले. सुकाणूचा कोन आणि मोटारीचे प्रत्यक्ष वळणे यांत तफावत आढळल्यास ही प्रणाली एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून मोटार मार्गावर आणते. चार पायांसाठी चार ब्रेकपट्ट्या कोणत्याही चालकाजवळ नसतात. म्हणून हे काम कौशल्याने करता येण्याजोगे नाही.

स्थैर्य नियंत्रणामुळे मोटार घसरून होणाऱ्या एकेरी अपघातांत मोठी घट होते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. अमेरिकेत २०१२ च्या प्रतिमानांपासून व यूरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींत ही प्रणाली सक्तीची झाली. भारतात चाके अडकू न देणारी ब्रेकप्रणाली एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना आवश्यक ठरली. सार्वजनिक रस्त्यावर चालकाची चूक इतरांच्याही जिवावर बेतते. त्यामुळे या बाबतीत साधेपणाचा दावा मर्यादितच मान्य करावा लागतो. बहुतेक कंपन्यांनी त्यावर तोड म्हणून अशा प्रणाल्यांच्या हस्तक्षेपाची मात्रा बदलण्याची अथवा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर त्या बंद करण्याची सोय ठेवली आहे.

मोटार शर्यतींतही हा प्रश्न उद्‌भवला. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वन शर्यतींत सुकाणूमागील कळींनी गिअर बदलणारी पेटी आणली व १९९७ मध्ये तशी पेटी आपल्या ‘एफ ३५५’ या रस्त्यावरील मोटारीला दिली. विल्यम्स संघाच्या १९९२ च्या मोटारीत संगणकनियंत्रित सस्पेन्शन व कर्षण नियंत्रण होते आणि तिने त्या वर्षीचे विजेतेपद सहज मिळविले. स्पर्धा चालकांची आहे की अभियंत्यांची, असा प्रश्न निर्माण झाल्याने १९९४ पासून अशा साहाय्यक प्रणाल्यांवर बंदी घालण्यात आली. २००१ मध्ये कर्षण नियंत्रणाला पुन्हा मुभा मिळाली व २००८ पासून ते पुन्हा वर्ज्य ठरले. शर्यतीत जे कौशल्याच्या नावाने नाकारले गेले, तेच रस्त्यावर सुरक्षिततेच्या नावाने आवश्यक ठरले, ही विसंगती वरवरची आहे. कारण दोन्हीकडील उद्दिष्टे भिन्न आहेत.

वाढते वजन : १९६४ मधील पोर्श ‘९११’ चे वजन सु. १,०८० किग्रॅ. व शक्ती १३० अश्वशक्ती होती. २०१९ च्या त्याच नावाच्या ‘कॅरेरा एस’ या प्रकाराचे वजन सु. १,५०० किग्रॅ. व शक्ती ४५० अश्वशक्ती झाली. सर्वच वाढ चैनीमुळे झालेली नाही. अपघातात टिकणारा सांगाडा, हवेच्या पिशव्या व धूर शुद्ध करणारी उपकरणे यांचाही तिच्यात वाटा आहे. २००५ मधील ‘बुगाटी वेरॉन’ ही मोटार दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय. १,००१ अश्वशक्ती, चार टर्बोचार्जर, दहा उष्णताविसर्जक व चामड्याने मढविलेले अंतरंग असलेली ही मोटार जवळजवळ १,९०० किग्रॅ. वजनाची असूनही ताशी ४०० किमी.पेक्षा अधिक वेगाने जाई. वस्तुमानावर शक्तीने मात करता येते, हे तिने सिद्ध केले. त्याची किंमत इंधन, टायर व पैसा यांत चुकवावी लागली.

पडदे व बटणे : २०१० नंतर वातानुकूलनापासून सस्पेन्शनच्या कडकपणापर्यंतची नियंत्रणे स्पर्शसंवेदी पडद्यावर गेली. बटण बोटांनी चाचपून दाबता येते. सपाट पडद्यासाठी मात्र रस्त्यावरील नजर काढावी लागते. ताशी १०० किमी. वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सु. २८ मी. अंतर कापते, हे ध्यानात घेतल्यास या बदलातील धोका स्पष्ट होतो. मोटारींच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणाऱ्या यूरो एनकॅप या संस्थेने दिशादर्शक दिवे, भोंगा, काचपुसणी अशा मूलभूत क्रियांसाठी प्रत्यक्ष बटणे वा कळी असाव्यात, अशी अपेक्षा २०२६ च्या नियमांत समाविष्ट करण्याचे ठरविले. फेरारीनेही २०२५ मध्ये सादर केलेल्या ‘अमाल्फी’ मोटारीत सुकाणू चक्रावरील स्पर्शसंवेदी कळींऐवजी पुन्हा दाबायची बटणे दिली.

साधेपणाची किंमत : साधेपणाची प्रशंसा करणारे ग्राहक प्रत्यक्ष खरेदी करताना तो स्वीकारतातच असे नाही. पोर्शची ‘९११ कॅरेरा आरएस २·७’ (१९७२–७३) ही मोटार पातळ पत्रा व पातळ काच वापरून, मागील आसने, गालिचे व घड्याळही काढून हलकी केली होती. एकूण १,५८० मोटारींपैकी अशा हलक्या प्रकारच्या केवळ २०० विकल्या गेल्या, सु. १०० किग्रॅ. अधिक वजनाचा, सुखसोयी असलेला प्रकार १,३०८ ग्राहकांनी पसंत केला. होंडा कंपनीने १९९२ मध्ये ‘एनएसएक्स’ या मोटारीतून वातानुकूलन, ध्वनियंत्रणा व ध्वनिरोधक अस्तरे काढून सु. १२० किग्रॅ. वजन घटविले, तो प्रकार जपानपुरताच मर्यादित राहिला.

पुढे साधेपणा ही दुर्मिळ व म्हणून महाग वस्तू बनली. २०१३ मध्ये पोर्शची ‘९११ जीटी ३’ केवळ दोन क्लचांच्या स्वयंचलित पेटीसह विक्रीस आली. ही पेटी हाताने बदलायच्या गिअरपेक्षा वेगवान होती. तरीही चाहत्यांची नाराजी कायम राहिली. २०१६ मध्ये हाताने गिअर बदलायची, १,३७० किग्रॅ. वजनाची ‘९११ आर’ ९९१ या मर्यादित संख्येत काढण्यात आली, तेव्हा पुनर्विक्रीत तिला मूळ किंमतीहून पुष्कळच अधिक दर मिळाला. पुढील वर्षी ‘जीटी ३’ मध्येही हातगिअरचा पर्याय परत आला. गॉर्डन मरे यांच्या ‘टी ५०’ (२०२०) या मोटारीत बारा सिलिंडरांचे, मिनिटाला १२,१०० फेरे घेऊ शकणारे एंजिन व हातगिअर असून वजन ९८६ किग्रॅ. आहे, परंतु अशा केवळ शंभर मोटारींची योजना होती. २०२४ मध्ये सादर झालेल्या ‘बुगाटी तूर्बियाँ’ या मोटारीत चालकासमोर पडद्याऐवजी स्विस घड्याळजींनी बनविलेली काट्यांची दर्शके आहेत. एके काळी काटकसरीतून आलेला साधेपणा येथे स्वतःच चैनीची वस्तू झाला आहे.

विद्युत् मोटारी : विद्युत् घटमालेचे वजन काहीशे किग्रॅ. असल्याने विद्युत् स्पोर्ट्‌स मोटारीत हलकेपणा साधणे अवघड जाते. हलकेपणाचे प्रतीक असलेल्या लोटस कंपनीनेच २०२२ मध्ये सु. अडीच टन वजनाची ‘एलेत्र’ ही विद्युत् मोटार सादर केली. ‘एलिस’चे उत्पादन त्यापूर्वीच, २०२१ मध्ये थांबले होते. विद्युत् चलित्राचे परिबल शून्य वेगापासूनच मिळत असल्याने सरळ मार्गावरील प्रवेगात या मोटारी पेट्रोलवरील बहुतेक मोटारींना मागे टाकतात; गिअर बदलण्याची तर गरजच उरत नाही. तरीही २०२३ मधील ह्युंदाईच्या ‘आयोनिक ५ एन’ या विद्युत् मोटारीत गिअर बदलल्याचा भास व एंजिनाचा आवाज संगणकाच्या साहाय्याने निर्माण करण्याची सोय दिली गेली. यंत्राला ज्याची आवश्यकता राहिली नाही, ते चालकाला मात्र हवे असते, हे यावरून दिसते. वेग ही आता सहज विकत मिळणारी गोष्ट झाल्याने स्पोर्ट्‌स मोटारीचे मोल ती किती वेगाने जाते यापेक्षा ती चालकाला किती काम करू देते यावर अधिकाधिक ठरू लागले आहे.